रिकाम्या टेबलावरचा गंज

वेल्डिंगच्या टेबलावर काम चालू असतं तोवर गंजाची फारशी भीती नसते. प्लेट गरम असते, जॉब वर-खाली होत असतात, हात फिरत असतो. गंज चढतो तो टेबल रिकामं असताना. रात्री, रविवारी, आणि आमच्या कोकणात सगळ्यात जास्त गणपतीच्या सुट्टीत. हे मला सांगलीत कधी कळलं नसतं. तिथे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. टेबलाची प्लेट वर्षानुवर्षं उघडी राहिली तरी नुसती काळपट होते. रत्नागिरीजवळ शेड घेतली तेव्हा तीन हजार मिलिमीटरांच्या वरचा पाऊस आणि समुद्रावरून येणारी खारी हवा दोन्ही एकदम वाट्याला आली.

शेडबरोबर जुनं टेबलही विकत मिळालं. सहा फूट बाय तीन फूट, १६ मिलिमीटरची एमएसची प्लेट, खाली चॅनलची फ्रेम. एक चौरस मीटर प्लेट एक मिलिमीटर जाडीला ७.८५ किलो भरते, त्या हिशेबाने नुसती वरची प्लेट दोनशे दहा किलोंच्या आसपास. वजनाने दणकट, आणि दिसायलाही सुंदर, मधला भाग चांदीसारखा चकाकत होता. आधीचा मालक टेबलाची फार काळजी घेत असे, असं शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, आणि ते खरंच होतं.

त्या टेबलावर केलेलं पहिलं मोठं गेट चारही कोपऱ्यांनी जमिनीला बसेना. कर्ण मोजले तर बरोबर, गुण्या लावला तर बरोबर, पण फ्रेममध्ये पीळ. मग टेबलावरच सरळ पट्टी आडवी धरून खालून फीलर गेज सरकवला. मधोमध दीड मिलिमीटरपेक्षा जास्त खोलगा होता. चकाकणारा भाग जिथे, खोलगा तिथेच. दरवर्षी पावसाळ्यानंतर गंज दिसला की त्यावर ग्राइंडर फिरत आला होता, आणि गंज मधेच जास्त दिसतो म्हणून ग्राइंडरही मधेच जास्त फिरला होता. गंजाने त्या प्लेटचं जितकं नुकसान केलं असेल, त्याच्या कितीतरी पट तो काढण्याच्या मेहनतीने केलं होतं.

मला जे सांगायचं आहे त्याचं मूळ इथे आहे. वेल्डिंगचं टेबल हे मोजमापाचं साधन आहे. ते सपाट हवं, उघड्या लोखंडाचं हवं आणि त्यातून करंट नीट वाहायला हवा. देखणं असलं नसलं तरी चालतं. तांबूस छटा आली म्हणून घाबरून जो माणूस फ्लॅप डिस्क उचलतो, तो सपाटी घालवून चकाकी विकत घेतो.

त्या टेबलाला आम्ही उलटं करून वाचवलं. फ्रेमचे टाके कापले, चेन पुलीने प्लेट उचलली आणि खालची बाजू वर घेतली. तिच्यावर गंजाचे जाड पापुद्रे होते, पण त्या बाजूला कधी ग्राइंडर लागलेला नव्हता. हातोडीने ठोकून, तारेच्या ब्रशने घासून पापुद्रे निघाले आणि खाली सपाट पृष्ठभाग मिळाला. सगळीकडे खड्ड्यांची नक्षी होती. ते खड्डे अजून आहेत आणि त्यांचा कसलाही त्रास नाही. खड्डा पृष्ठभागाच्या खाली असतो, जॉब टेकतो तो वरच्या पातळीवर. खड्डे घालवायला जाल तर सगळी पातळीच खाली न्यावी लागेल. प्लेट परत फ्रेमला वेल्ड केली नाही, बोल्टने आवळली आणि जिथे फट दिसली तिथे पातळ पत्र्याचं पॅकिंग दिलं. लांब वेल्ड मारला की प्लेट ओढली जाते, आणि पुढे कधी काढायची झाली तर कटरशिवाय सुटत नाही.

गंज येतो कुठून हे समजलं की पुढचं सोपं जातं. छप्पर गळत नव्हतं, खिडकीतून पाऊस येत नव्हता, तरी सकाळी प्लेटवर ओल दिसायची. माझ्याकडच्या जुन्या मिस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "शेठ, पाणी वरून येत नाय, हवेतूनच येतं." गार पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तसंच हे. जाड प्लेट रात्रभर गार होते आणि सकाळी लवकर तापत नाही. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत येते. हवा २८ अंशांची आणि आर्द्रता ९५ टक्के असेल तर दवबिंदू साधारण २७ अंशांवर असतो. म्हणजे प्लेट हवेपेक्षा जेमतेम एक-दोन अंशांनी गार असली तरी तिच्यावर पाणी धरतं. डोळ्यांना ओल दिसली नाही तरी आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या पुढे गेली की उघडं लोखंड गंजायला लागतं, आणि त्यावर मिठाचा अंश असेल तर त्याहूनही आधी. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. समुद्र लांब असला म्हणून निश्चिंत राहू नका, घामातही मीठ असतं. प्लेटवर टेकलेला तळहात दुसऱ्या दिवशी तांबड्या ठशातून ओळखता येतो.

म्हणून खरं काम संध्याकाळचं. आमच्याकडे दिवा मालवायच्या आधी टेबलावरचं सगळं उचललं जातं. जॉब, क्लॅम्प, तुकडे, काहीही टेबलावर राहत नाही. बाहेरच्या स्टॉकमधून आणलेला ओला अँगल रात्रभर प्लेटवर पडला तर त्याच्या खाली पाणी अडकतं आणि सकाळी त्याची अख्खी रेघ उमटलेली असते. मग ब्रशने ग्राइंडिंगची धूळ झाडायची. याकडे फार लोक दुर्लक्ष करतात. ती धूळ म्हणजे लोखंडाचाच बारीक भुगा. तो प्लेटच्या आधी गंजतो, ओल धरून ठेवतो आणि त्याचे नारिंगी ठिपके प्लेटवर बसतात. चिकटलेले स्पॅटर पत्र्याच्या स्क्रेपरने किंवा छन्नी आडवी धरून उडवायचे. शेवटी तेलाचा बोळा. पाच-सात मिनिटांत हे सगळं होतं, आणि हे रोज झालं तर ग्राइंडर लावायची पाळी येत नाही.

तेल कोणतं, यावर मी ठाम आहे. गाडीचं जळकं ऑइल लावू नका. फुकट मिळतं म्हणून निम्म्या शेडमध्ये तेच असतं. त्यात इंजिनमधून आलेली काजळी, आम्लं आणि पाण्याचा अंश असतो. कातडीला सतत लागणं आरोग्याला घातक, कर्करोगाचा धोका वाढवणारं. त्यावर आर्क पडला की निघणारा धूर छातीत जातो, आणि जॉबला डाग पडले तर रंग धरत नाही. खोबरेल कोकणात हाताशी असतं, पण खाद्यतेलं काही दिवसांनी चिकट होतात आणि त्यांच्यावर धूळ बसते. बाजारात रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइल मिळतं, त्यातलं पाणी बाजूला सारणारं, पातळ थर देणारं घ्या. ते नसेल तर साधं मशीन ऑइल. डब्ल्यूडी-४० चा डबा सगळ्यांकडे असतो. ते १९५३ साली अमेरिकेत पाणी हटवण्यासाठीच तयार झालं आणि ते काम चांगलं करतं, पण त्याचा थर फार पातळ राहतो. पावसाळ्यातल्या एका रात्रीला पुरतं, सुट्टीला पुरत नाही.

थर पातळच हवा. बोळा फिरवल्यावर प्लेट ओली दिसली तर तेल जास्त झालं. सकाळी काम सुरू करण्याआधी जिथे वेल्ड मारायचा तिथलं तेल कोरड्या कापडाने पुसा, नाहीतर ते जोडात ओढलं जातं आणि वेल्डमध्ये छिद्रं पडतात. जवसाचं तेल किंवा मेण लावणारेही आहेत, त्याचा थर टिकतो हे खरं. मात्र जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या आपोआप तापतात आणि पेट घेतात. पसरून मोकळ्या हवेत वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

आता तेल पुसण्याबद्दल. इथे चूक झाली तर टेबलाचं राहू द्या, माणूस जातो. काही ब्रेक क्लीनर आणि ट्रायक्लोरोइथिलीनसारखे डीग्रीझर क्लोरीन असलेल्या रसायनांचे असतात. त्यांच्या वाफेवर आर्कची उष्णता आणि अतिनील किरणं पडली की फॉस्जिन वायू तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात विषारी वायू म्हणून वापरला गेला तोच हा. त्याचा त्रास कधी कधी काही तासांनी सुरू होतो, तोवर माणूस घरी जाऊन जेवलेलाही असतो. डब्यावर ‘क्लोरो’ ही अक्षरं असलेलं काहीही वेल्डिंगच्या शेडमध्ये ठेवू नका. शेजारच्या गॅरेजमधून कुणी प्रेमाने आणून दिलं तरी परत करा.

अ‍ॅसिडचंही तसंच. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने गंज झटक्यात निघतो, पण त्याची वाफ शेडभर पसरते आणि दोन दिवसांत वायसपासून ड्रिलच्या बिटांपर्यंत सगळ्याला नवा गंज देते. हलक्या गंजाला तेलाचे थेंब आणि स्कॉच-ब्राइट पुरतं. थोडा जास्त असेल तर पॉलिश पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून तेलावर घासा. फक्त डागावर घासू नका, प्लेटच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लांब हात मारा. उंचवटे काढायला तेलाचा सपाट दगड उत्तम, कारण तो वर आलेलंच घासतो. सुट्या क्लॅम्पना, पिनांना सायट्रिक अ‍ॅसिडचं पातळ पाणी चालतं, नंतर धुऊन, वाळवून, लगेच तेल.

टेबलाचा वरचा भाग रंगवू नका. गंज थांबेल, पण करंटही थांबेल. पाय आणि फ्रेम मात्र रेड ऑक्साइड मारून रंगवा, पायांखाली पत्र्याचे जाड तुकडे किंवा बोल्ट द्या म्हणजे फरशीवर साचलेलं पाणी पायाला लागणार नाही. अर्थिंगचा क्लॅम्प गंजक्या कडेला अडकवण्यापेक्षा प्लेटच्या खाली घासून स्वच्छ केलेल्या जागी बोल्ट बसवून केबलचा लग कायमचा आवळा. गंजावर धरलेला अर्थ गरम होतो, आर्क फुरफुरतो, आणि वेल्डर बिचारा रॉडला दोष देत बसतो. पाण्यात मिसळणारं अँटी-स्पॅटर वापरत असाल तर ते संध्याकाळी पुसून टाका, तसंच राहिलं की त्याच्याखाली गंज येतो. सिलिकॉनचं वापरलंत तर गंज येणार नाही, पण त्याचा अंश जॉबवर गेला की रंगाला खळगे पडतात.

गणपतीला कामगार गावी जातात, शेड बंद राहते, आणि बाहेर पावसाची झड. या दिवसांसाठी वेगळी तयारी लागते. आम्ही प्लेट पूर्ण स्वच्छ करून नेहमीपेक्षा जाडसर तेल लावतो आणि त्यावर तेलात भिजवलेला कागद पसरतो. प्लॅस्टिकची ताडपत्री प्लेटवर कधी टाकू नका. वरून पाणी अडतं, पण खाली दव धरतं आणि ते वाळायला जागाच नसते. गोणपाट आणि पुठ्ठा तर ओल शोषून प्लेटला चिकटून बसतात. टेबलाखाली पत्र्याच्या पेटीत जुन्या पद्धतीचा साठ वॅटचा बल्ब लावून ठेवण्याची युक्ती मिस्त्रींची. एवढ्या प्लेटला तो एक-दोन अंशांनी उबदार ठेवतो आणि दवापासून वाचायला तेवढं पुरतं. एलईडीने हे होत नाही. मात्र शेड बंद करून जाणार असाल तर त्या पेटीच्या आसपास कागद, चिंध्या किंवा तेल असता कामा नये, आणि वायरिंगचा भरवसा नसेल तर बल्ब लावूच नका, तेलावर भागवा.

मग येते खंडेनवमी. वर्षभर ज्यांनी पोट भरलं त्या अवजारांची पूजा आम्ही मनापासून करतो आणि करत राहू. पूर्वी नारळ टेबलावरच फुटायचा. नारळाच्या पाण्यात क्षार आणि साखर दोन्ही असतात. ते, ओलं हळदकुंकू आणि रात्रभर प्लेटवर राहिलेला झेंडूचा हार, तिघांचे ठसे वेगवेगळे ओळखता यायचे. आता टेबलावर पाट मांडून त्यावर केळीचं पान घालतो, नारळ दाराशी फोडतो, हार टेबलाच्या पायाला बांधतो. आदल्या दिवशी प्लेट साफ करताना पट्टी आणि फीलर गेज घेऊन उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर सपाटी तपासतो, आकडे भिंतीवर खडूने न लिहिता वहीत लिहितो. पावसाळा संपलेला असतो, त्यामुळे वर्षाचा हिशेब करायला याहून चांगला दिवस नाही.

पुराचं वेगळं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा ओळखीच्या शेडमध्ये मदतीला गेलो होतो. टेबलं चिखलाने लिंपलेली होती. ज्यांनी चिखल ओला असतानाच स्वच्छ पाण्याने धुतला त्यांची प्लेट हाताने घासून निघाली. चिखल वाळू दिला त्यांना गंज खरवडावा लागला. धुतल्यावर पंखा किंवा ब्लोअर लावून वाळवा, पाणी बाजूला सारणारं तेल मारा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मारा, कारण फ्रेमच्या सांध्यांत अडकलेलं पाणी रात्रीत बाहेर झिरपतं. चौकोनी पाइपचे पाय असतील तर खालच्या टोकाला भोक पाडून आतलं पाणी काढा. वेल्डिंग मशीन मात्र वाइंडिंग पूर्ण सुकवून, मेगरने इन्सुलेशन तपासल्याशिवाय कुणी कितीही घाई केली तरी चालू करू नका.