कुत्र्यांचे मूतखडे : आहार आणि उपचार

मूतखडा हा केवळ मनुष्याचा विकार आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः बैल, बोकड, मांजर, कुत्रा इत्यादी अनेक प्राण्यांना तो होतो. मनुष्यात खडे बहुधा मूत्रपिंडात होतात. कुत्र्यात मात्र ते बहुतेक वेळा मूत्राशयात आढळतात. सर्व खडे वरून सारखेच भासले, तरी त्यांचे रासायनिक घटक निरनिराळे असतात. जो आहार एका जातीचा खडा विरघळवितो, तोच दुसऱ्या जातीच्या खड्याला पोषक ठरू शकतो. म्हणून ‘मूतखड्यावर कोणता आहार द्यावा?’ या प्रश्नाआधी ‘खडा कोणत्या जातीचा आहे?’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

खडा कसा तयार होतो

मिठागरातील पाणी उन्हाने आटू लागले, की एका मर्यादेनंतर त्यातील मिठाचे स्फटिक तळाशी जमू लागतात. मूत्राचेही असेच आहे. शरीराला नको असलेले अनेक क्षार त्यात विरघळलेले असतात. प्राणी पाणी कमी प्याला किंवा त्याला फार वेळ मूत्र रोखून धरावे लागले, म्हणजे मूत्र दाट होते, क्षारांचे स्फटिक बनतात आणि ते एकमेकांस चिकटून खडा वाढू लागतो. तथापि कोणता क्षार बाहेर पडेल हे पुष्कळ अंशी मूत्र आम्ल आहे की अल्कधर्मी, यावर अवलंबून असते. मूत्रात नुसते स्फटिक दिसले म्हणजे खडा झालाच, असे मात्र नव्हे. मूत्राचा नमुना थंड होऊन पडून राहिला तरी त्यात स्फटिक दिसू लागतात. म्हणून तो ताजा असतानाच तपासावा लागतो.

खड्यांच्या प्रमुख जाती

पहिली जात स्ट्रुव्हाइटची. हा मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट यांचा संयुक्त क्षार होय. 1845 साली हॅम्बुर्ग येथे जमिनीत सापडलेल्या स्फटिकांना हे नाव प्रथम देण्यात आले. कुत्र्यात हा खडा बहुधा जंतुसंसर्गातून उद्भवतो. काही जंतू मूत्रातील यूरियाचे विघटन करून अमोनिया निर्माण करतात. त्यामुळे मूत्र अल्कधर्मी होते आणि हा क्षार साचू लागतो. मादीचा मूत्रमार्ग आखूड असल्याने जंतूंचा प्रवेश सुलभ होतो. म्हणून हा खडा माद्यांत अधिक आढळतो.

दुसरी जात कॅल्शियम ऑक्झलेटची. ती वयस्क नरांत आणि ल्हासा अप्सो, शिह त्झू, लहान श्नाउझर यांसारख्या लहान चणीच्या कुत्र्यांत विशेष दिसते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 1981 पासून प्राण्यांच्या खड्यांचे पृथक्करण चालू आहे. आरंभी तेथे येणाऱ्या कुत्र्यांच्या खड्यांत स्ट्रुव्हाइटचे प्रमाण फार मोठे होते. पुढील पंचवीस वर्षांत ऑक्झलेटचे प्रमाण वाढून त्याच्या बरोबरीला आले.

तिसरी जात यूरेटची. डाल्मेशियन कुत्र्यात एका जनुकातील दोषामुळे यूरिक आम्लाचे पुढील रूपांतर नीट होत नाही व ते मोठ्या प्रमाणात मूत्रावाटे बाहेर पडते. हा दोष 2008 साली निश्चित झाला. इतर कुत्र्यांत हा खडा आढळल्यास यकृताच्या रक्तवाहिन्यांतील जन्मजात दोषाचा शोध घ्यावा लागतो. चौथी जात सिस्टीनची. तीही बहुधा आनुवंशिक असते.

लक्षणे आणि संकटसूचना

कुत्रा वारंवार परंतु थोडे थोडे मूत्र करतो, कुंथतो, मूत्रातून रक्त जाते, शिकवलेला प्राणीही घरात मूत्र करू लागतो. ही लक्षणे केवळ जंतुसंसर्गातही दिसतात. म्हणून क्ष-किरण चित्र किंवा सोनोग्राफी आवश्यक असते. स्ट्रुव्हाइट व ऑक्झलेट यांचे खडे क्ष-किरण चित्रात स्पष्ट दिसतात. यूरेटचे खडे पुष्कळदा दिसत नाहीत.

नर कुत्र्याच्या शिश्नात एक हाड असते व मूत्रमार्ग त्याच्या खोबणीतून जातो. तेथे मार्ग रुंदावू शकत नाही. म्हणून लहानसा खडाही त्या हाडाच्या मागे अडकतो. कुत्रा सतत कुंथत असून मूत्राचा थेंबही येत नसेल, पोट ताठले असेल, ओकाऱ्या होत असतील, तर त्यास विलंब न लावता पशुवैद्याकडे नेले पाहिजे. रक्तातील पोटॅशियम वाढून हृदय बंद पडण्याचा किंवा मूत्राशय फुटण्याचा संभव असतो. अशा वेळी ‘सकाळपर्यंत पाहू’ हा विचार प्राणघातक ठरतो, आणि काढे पाजण्यात घालविलेला वेळ परत मिळत नाही.

जातीनुसार उपचार

स्ट्रुव्हाइटचा खडा शस्त्रक्रियेवाचून विरघळविता येतो. त्यासाठी प्रथिने, फॉस्फरस व मॅग्नेशियम मर्यादित असलेला आणि मूत्र आम्ल करणारा खास तयार केलेला आहार पशुवैद्य देतात. त्याच्या जोडीला, जंतुपरीक्षा करून निवडलेले प्रतिजैविक औषध खडा पूर्ण विरघळेपर्यंत चालू ठेवावे लागते. कारण खड्याच्या आत दडलेले जंतू तो झिजत असताना बाहेर पडत राहतात. या उपचारास बहुधा काही आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत अवधी लागतो. त्या काळात मुलांनी प्रेमाने दिलेली बिस्किटे किंवा ताटातील घासही उपचार निष्फळ करू शकतात. हा आहार पिलांस, गाभण किंवा दूध पाजणाऱ्या मादीस देऊ नये. मूत्रमार्ग अडलेला असताना खडा विरघळण्याची वाट पाहणेही योग्य नव्हे.

ऑक्झलेटचा खडा कोणत्याही आहाराने विरघळत नाही. अगदी लहान खडे मूत्राशय द्रवाने भरून बाहेर काढता येतात. मोठ्यांसाठी शस्त्रक्रिया करावी लागते. येथे मूत्र आम्ल करणारा आहार अपायकारक होय, कारण आम्लतेमुळे मूत्रातील कॅल्शियम वाढते. पालक, शेंगदाणे, रताळी हे ऑक्झलेटयुक्त पदार्थ टाळावेत. जीवनसत्त्व ‘क’ व ‘ड’ यांच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. आहारातील कॅल्शियम एकाएकी तोडणेही चुकीचे आहे. आतड्यात कॅल्शियम न मिळाल्यास ऑक्झलेट अधिक शोषले जाते.

यूरेटच्या खड्यावर कलेजी, गुर्दा, तारली मासे असे प्यूरीनयुक्त पदार्थ वर्ज्य करून मूत्र अल्कधर्मी ठेवतात. अंडी व दुग्धजन्य पदार्थांत प्यूरीन अल्प असते. पशुवैद्य अ‍ॅलोप्यूरिनॉल हे औषधही देतात. मात्र ते घेत असताना प्यूरीनयुक्त आहार चालू राहिला, तर झँथीन नावाचा नवाच खडा तयार होतो. सिस्टीनच्या खड्यातही मूत्र अल्कधर्मी ठेवणे हितकर असते, आणि काही नरांत खच्चीकरणाने तो पुन्हा होण्याचे टळते.

सर्वांस लागू असा नियम

जात कोणतीही असो, मूत्र पातळ ठेवणे हा प्रतिबंधाचा मूलाधार होय. कोरड्या दाण्यांत पाणी मिसळावे किंवा ओला आहार द्यावा. घरात दोन-तीन ठिकाणी स्वच्छ पाण्याची भांडी ठेवावीत. उन्हाळ्यात याकडे विशेष लक्ष पुरवावे. शहरातील सदनिकांत कुत्र्यास सकाळ-संध्याकाळ दोनदाच बाहेर नेण्याची पद्धत आहे. खडे होणाऱ्या कुत्र्यास अधिक वेळा न्यावे. तहान वाढविण्यासाठी स्वतःच्या मनाने मीठ घालू नये. हृदय व मूत्रपिंड यांच्या विकारांत ते घातक ठरते.

खडा गेला म्हणजे रोग गेला, असे समजू नये. मूत्रतपासणी व क्ष-किरण चित्र ठरावीक अंतराने घेतल्यास नवा खडा लहान असतानाच सापडतो. शस्त्रक्रियेत निघालेला किंवा आपोआप पडलेला खडा कधीही फेकून देऊ नये. तो फॉर्मॅलिनमध्ये न बुडविता कोरड्या स्वच्छ डबीत ठेवून पृथक्करणास पाठवावा. त्या अहवालावरूनच कुत्र्याचा पुढील आहार निश्चितपणे ठरविता येतो.