टेम्पो दान दिला, कर वाचेल का?

हसनाबादच्या बाजारात राबलेला जुना टेम्पो अनाथाश्रमाला दिला तर आयकरातही सूट मिळेल, असे काही बांधव धरून चालतात. सवाब अल्लाहकडे, आयकर खात्याकडे मात्र सूट नाही. 1961 च्या कायद्यातील कलम 80जी मध्ये पैशाचीच देणगी धरली आहे, वस्तूची नाही. 2025 च्या कायद्यातही तेच.

आमचे म्हणणे, टेम्पो विकावा. जालन्याच्या आरटीओत नाव आधी बदलून घ्यावे, नाहीतर उद्याच्या अपघाताची भरपाई आपल्याच गळ्यात. मग रक्कम चेकने द्यावी. 2000 रुपयांवर रोख चालत नाही. सहसा निम्मीच रक्कम वजा होते. एकाच धर्मसमाजासाठी काढलेल्या संस्थेला ही मान्यता बहुधा नसते, तेव्हा पावतीआधी विचारावे. नवी करपद्धत निवडली असेल तर ही वजावट नाहीच.