डंडी शहराची शिरगणती

धान्याचं पोतं आपल्या ओळखीचं आहे. जुनं पोतं तागाचं असे. ताग बंगालात पिकतो. दीडशे वर्षांपूर्वी तो बोटींत भरून दूर स्कॉटलंडला जाई. स्कॉटलंड म्हणजे ब्रिटनचा उत्तरेकडचा मुलूख. तिथं डंडी नावाचं बंदर आहे. तिथल्या गिरण्यांत तागाचं सूत निघे, गोणपाट विणलं जाई. गिरण्यांत बायांची संख्या फार मोठी होती.

ब्रिटनमध्ये पहिली शिरगणती १८०१ साली झाली. स्कॉटलंडात हे काम शाळामास्तरांनी केलं. पुढं दर दहा वर्षांनी माणसं मोजली जाऊ लागली. १९४१ साली महायुद्धामुळं मोजणी झाली नाही. कोरोनाच्या साथीमुळं २०२१ ची मोजणी स्कॉटलंडात २०२२ साली झाली.

आता डंडीचे आकडे बघा. आम्ही ते मोघम देत आहोत.

१८०१ – २६ हजार
१८४१ – ६० हजार
१९०१ – १ लाख ६१ हजार
२०२२ – १ लाख ४८ हजार

शंभर वर्षांत वस्ती सहापट झाली. कामासाठी खेड्यांतून माणसं आली, आयर्लंडहून आली. गिरण्या वाढल्या, पण घरं पुरेनात. मग ही माणसं राहत कशी होती?

१८६१ साली शिरगणतीत एक नवा प्रश्न घातला गेला. ‘तुमच्या घरात खिडकी असलेल्या खोल्या किती?’ प्रश्न साधा, पण उत्तरानं डोळे उघडले. स्कॉटलंडात शंभर घरांपैकी ३४ घरं एकाच खोलीची निघाली. चूल तिथंच, अंथरूण तिथंच, आजारी माणूसही तिथंच. शंभरात एखाद्या कुटुंबाला तर एकसुद्धा खिडकी नव्हती!

सुधारणा लवकर झाली नाही. १९११ साली स्कॉटलंडातले जवळजवळ निम्मे लोक एका किंवा दोन खोल्यांत राहत होते. शेजारच्या इंग्लंडात असे लोक शंभरात दहासुद्धा नव्हते. हा फरक कागदावर आला, तेव्हा तो कुणालाच नाकारता येईना. सरकारनं चौकशी समिती नेमली. १९१७ साली समितीनं सांगितलं, की घरं बांधायची जबाबदारी सरकारनं घ्यावी. १९१९ साली कायदा झाला. नगरपालिका घरं बांधू लागल्या. डंडीतही लोगी भागात अशी नवी घरं उठली.

पुढं डंडीतल्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. कोलकात्याजवळच्या गिरण्या स्वस्तात गोणपाट विणू लागल्या होत्या, हे त्याचं एक मोठं कारण.

नुसती डोकी मोजली असती, तर डंडी मोठी झाली एवढंच कळलं असतं. खोल्या मोजल्या, म्हणून माणसांचे हाल कळले. मोजणीदार घरात खोल्या किती हे विचारतो, तेव्हा तो उगाच चौकशी करत नसतो. खरं उत्तर द्यावं. आपलं घर मोजलं गेलं, तरच आपली अडचण आकड्यात येते.

प्रश्न
१. डंडीच्या गिरण्यांत काय विणलं जाई?
२. १८६१ साली कोणता नवा प्रश्न विचारला गेला?
३. तुमच्या घरात खिडकी असलेल्या खोल्या किती? माणसं किती? दोन्ही आकडे वहीत लिहा.