अनकाई-टनकाईची सोपी वाट

आपल्या नांदगावच्या पश्चिमेला मनमाड आहे. मनमाडच्या दक्षिणेला, येवला तालुक्यात, अनकाई व टनकाई हे जोडकिल्ले आहेत. अनकाई गावातून वर जायला पायऱ्या आहेत. म्हणून लहान मुलं आणि आजी-आजोबासुद्धा दम खात खात चढतात.

आधी जैन लेणी लागतात. ती टनकाईच्या डोंगरात कोरलेली आहेत. खांबांवर सुंदर नक्षी आहे. पुढे दोन्ही डोंगरांच्या मधली खिंड येते. तिथून एक वाट टनकाईवर आणि दुसरी अनकाईवर जाते. अनकाईच्या वाटेवर दगडी दरवाजे आहेत. वर तलाव व अगस्ती ऋषींचे स्थान आहे. १८१८ साली इंग्रजांनी हा किल्ला घेतला.

जाताना हे लक्षात ठेवा :
१) सकाळी लवकर निघावे. डोंगरावर सावली कमी आहे.
२) पिण्याचे पाणी घरून न्यावे.
३) पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात. मोठ्यांचा हात धरावा. कड्याच्या टोकाला जाऊ नये.
४) लेण्यांवर नाव लिहू नये. फळ्यावरचं नाव पुसता येतं, दगडात कोरलेलं पुसता येत नाही. नक्षी एकदा खराब झाली की झालीच.

आई-बाबांनो, सुट्टीत आम्हांला तिकडे न्याल ना?