अंगणातील गुडूची : ऋतुनिहाय निरीक्षण व द्रव्यपरीक्षा

द्रव्याचे गुण ग्रंथातून कळतात. परंतु त्याची ओळख वनस्पतीच्या सहवासातूनच पक्की होते. आज बहुतेक वैद्यांना व औषधी विक्रेत्यांना गुडूची भेटते ती पोत्यातील वाळलेल्या तुकड्यांच्या रूपात. त्या तुकड्यांना पान नसते, फूल नसते, फळही नसते. म्हणूनच छत्रपती संभाजीनगरसारख्या कमी पावसाच्या शहरातही प्रत्येक चिकित्सालयाच्या अंगणात एक तरी गुळवेल असावी व वर्षभर तिचे निरीक्षण व्हावे, असे आमचे मत आहे.

विषयाचे गांभीर्य

कोरोनाच्या काळात गुळवेलीचा वापर घरोघरी, बहुधा वैद्याच्या सल्ल्यावाचून, वाढला. सन २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सेवन केलेली वनस्पती नेमकी कोणती होती, हे त्या अभ्यासात निश्चित झालेले नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला आणि पुढे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया (गुडूची) व टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील भेद जाहीर केले. सन २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांच्या एकत्रित अभ्यासातही अशा रुग्णांची नोंद झाली. त्यांतील काहींमध्ये स्वप्रतिकारजन्य यकृतशोथाची लक्षणे होती. तेव्हा योग्य ओळख ही पहिली पायरी होय, शेवटची नव्हे. रुग्णाचा पूर्वेतिहास, मात्रा व कालावधी यांचा विचार त्यानंतरही करावाच लागतो.

लागवड

खात्रीच्या वेलाचे बोटाएवढ्या जाडीचे, दोन-तीन पेरांचे कांड पावसाळ्याच्या आरंभी लावावे. छिन्नरुहा हे नाव किती सार्थ आहे, हे येथे प्रत्यक्ष दिसते. मुरमाड जमिनीत पाण्याचा निचरा चांगला होतो. काळ्या भारी मातीत मात्र पाणी साचू देऊ नये. वेल एकदा रुजली की फारसे पाणी मागत नाही, ही मराठवाड्यासाठी मोठीच सोय आहे. आधारास कडुनिंब असल्यास उत्तम. निंबाश्रित गुडूची परंपरेने श्रेष्ठ मानली आहे. कण्हेरीसारख्या विषारी झाडावर वेल चढवू नये. तोडणीच्या वेळी तुकड्यांची सरमिसळ होण्याचा धोका राहतो.

ऋतुनिहाय निरीक्षण

वर्षा ऋतूत हृदयाकृती पाने झपाट्याने येतात व वरच्या फांद्यांवरून दोऱ्यासारखी हवाई मुळे खाली लोंबू लागतात. शरदात वेल रसाने भरलेली असते. हेमंत-शिशिरात फळे पिकून लाल होतात. पुढे पानगळ होते व उन्हाळ्यात उघड्या कांडावर बारीक पिवळसर हिरवी फुले येतात. अंगणातील वेलीस नियमित पाणी मिळत असल्यास पानगळ उशिरा किंवा अपुरी होते. म्हणून नोंदवहीत पाण्याचीही नोंद ठेवावी.

गुडूचीत नर व मादी वेली स्वतंत्र असतात. नरफुले झुपक्याने, तर मादीफुले बहुधा एकेकटी येतात. नरवेलीच्या कांडापासून लावलेली वेल नरच राहते व तिला कधीही फळ येत नाही. यास्तव फळ न येणे हा वेल बनावट असल्याचा पुरावा नव्हे.

भेददर्शक लक्षणे

गुडूचीच्या कांडावरची पातळ साल कागदासारखी सुटते व आत हिरवा थर दिसतो. आडवा छेद घेतल्यास चाकाच्या आऱ्यांप्रमाणे रचना दिसते. चक्रलक्षणा हे नाव त्यावरूनच आले. क्रिस्पाचे कांड करडे, दाट व ठळक गाठींचे असून त्यातून दुधाळ स्राव येतो. फळे लांबट व नारिंगी असतात, तर गुडूचीची गोल व लाल. गुडूचीच्या जुन्या कांडावरही लहान उंचवटे असतात. त्यांना क्रिस्पाच्या गाठी समजण्याची चूक सहज घडते आणि ती टाळण्यास वर्षभर पाहिलेली वेलच उपयोगी पडते.

वेल आणि मोसंबी

या वेलीवर पावसाळ्यात जाड, गडद रंगाची, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेली अळी आढळते. तिचाच पुढे फळांतील रस शोषणारा पतंग होतो. पिकत्या मोसंबीस तो छिद्रे पाडतो व फळगळ होते. छत्रपती संभाजीनगर व जालना हे मोसंबीचे जिल्हे. म्हणून बागेभोवतालची गुळवेल व वासनवेल काढून टाकण्याचा सल्ला शेतकऱ्यांस दिला जातो. शेतकऱ्याचे म्हणणे रास्त आहे. आपण वेल मोसंबीच्या बागेजवळ लावू नये व अळ्या हाताने वेचून नष्ट कराव्यात. ज्या वेलीचे कांड औषधात जाणार, तिच्यावर कीटकनाशक फवारणे सर्वथा वर्ज्य समजावे.

संग्रह व व्यवहार

शार्ङ्गधराने सर्व कार्यांसाठी सरस औषधी शरदात घेण्यास सांगितले असून, गुडूची सदैव ओलीच घ्यावी व ओली असली तरी तिचे मान दुप्पट करू नये, असा नियम दिला आहे. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाने मात्र तिच्या संग्रहास उन्हाळा, विशेषतः मे महिना पसंत केला आहे. ओला वापर मात्र दोहोंना मान्य आहे. अंगणातील वेलीचे महत्त्व येथेच आहे. क्वाथासाठी लागणारे २० ते ३० ग्रॅम कांड ती ताजे देऊ शकते.

एक वेल दुकानाची गरज भागविणार नाही, हे उघड आहे. परंतु ती प्रमाण नमुना म्हणून निश्चित उपयोगी पडते. सुरुवातीस वेलीची ओळख वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडून पक्की करून घ्यावी. प्रत्येक ऋतूत तिचा एक तुकडा वाळवून, दिनांक लिहून बाटलीत ठेवावा. नवा माल आल्यावर पोत्यातील काही तुकडे काढून साल, छेद व चव या नमुन्याशी ताडून पाहावी. ज्या तुकड्यांविषयी शंका वाटेल, तो माल प्रयोगशाळेचा निर्वाळा येईपर्यंत विक्रीस काढू नये. रुग्ण आपल्या हातून औषध घेतो तो विश्वासाने. त्या विश्वासास पात्र राहण्यासाठी अंगणातील एका वेलीकडे वर्षभर लक्ष देणे मुळीच अवघड नाही.