इंग्रजी नकारार्थी उपसर्ग आणि मराठी समीक्षेची परिभाषा

संस्कृत व्याकरणपरंपरेने ‘नञ्’चे सहा अर्थ मानले आहेत : सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. ‘अधर्म’ म्हणजे धर्माचा केवळ अभाव नव्हे, तर धर्मविरोधी आचरण. ‘अनुदरा’ म्हणजे उदर नसलेली नव्हे, तर कृशोदरी. एकच उपसर्ग हे सारे अर्थ वाहतो आणि निवाडा संदर्भावर सोपवतो. इंग्रजीत हे काम पुष्कळ अंशी निरनिराळ्या उपसर्गांत वाटले गेले आहे. मराठी अनुवादक मात्र त्या सर्वांपुढे ‘अ-’ ठेवून मोकळा होतो, आणि समीक्षेत त्याचे परिणाम दिसतात.

इंग्रजीतील जर्मानिक ‘अन्-’, लॅटिन ‘इन्-’ आणि ग्रीक ‘अ-’ हे संस्कृत ‘अ-/अन्-’चे सगोत्र होत, ‘डिस्-’ व ‘नॉन्-’ लॅटिनमधून आले. बाह्यरूप मात्र फसवे असते. ‘अनटाय’मधील ‘अन्-’ अभाव दाखवत नाही, क्रिया उलटवतो. त्याचे मूळही वेगळे आहे. ‘इनफ्लेमेबल’मधील ‘इन्-’ तर नकारार्थी नाहीच. ‘इन्व्हॅल्युएबल’मध्ये नकार आहे, पण तो आपल्या ‘अमोल’मधल्यासारखा : मोल नाही असे नव्हे, मोल करता येत नाही.

खरी अडचण ‘इम्मॉरल’ आणि ‘एमॉरल’ या जोडीत येते. पहिल्यात नीतीशी विरोध आहे, दुसऱ्यात नीतीच्या कक्षेबाहेर असणे आहे. दोन्हींसाठी ‘अनैतिक’ हा एकच शब्द वापरला, की ‘कलेसाठी कला’ या भूमिकेवर तिने न केलेला दावा लादला जातो. कला नीतिनिरपेक्ष आहे, हे विधान खोडून काढता येईल. परंतु ते अनीतीचे समर्थन नव्हे. फडके-खांडेकर वाद शिकवताना हा भेद सुटला, तर वादाचा विषयच बदलतो.

‘डिसइंटरेस्टेड’ची गत याहून बिकट आहे. मॅथ्यू आर्नल्डने १८६४ च्या निबंधात समीक्षकाकडून ‘डिसइंटरेस्टेडनेस’ची अपेक्षा केली, ती व्यावहारिक व पक्षीय हेतूंपासून अलिप्त राहण्याची. त्याचे ‘उदासीनता’ असे भाषांतर केल्यास समीक्षकाला साहित्यात रसच नसावा, असा विपरीत अर्थ निघतो. गंमत अशी की, गीतेच्या बाराव्या अध्यायातील ‘उदासीन’ हा तटस्थच आहे. मराठीत तो शब्द खिन्नतेकडे आणि अनास्थेकडे सरकला. इंग्रजी शब्दाचा इतिहासही सरळ नाही : सतराव्या शतकात ‘डिसइंटरेस्टेड’ हा ‘रस नसलेला’ या अर्थी आणि ‘अनइंटरेस्टेड’ हा ‘निःपक्षपाती’ या अर्थीही आढळतो. आर्नल्डसाठी ‘तटस्थता’ चालेल. कांटच्या १७९० च्या ग्रंथातील सौंदर्यविधानासाठी ‘निर्हेतुक’ सुचवला जाईल, पण तो टाळावा. हेतूवाचून हेतुपूर्णता ही कांटची स्वतंत्र संकल्पना आहे आणि दोन्ही एकमेकींत मिसळतील. ‘हितसंबंधनिरपेक्ष’ हा शब्द बोजड खरा, पण अचूक आहे.

‘नॉन्-’साठी तर मराठीला उसनवारीची गरजच नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत ‘ब्राह्मणेतर’ हा शब्द राजकारणात रुळला. तेथे ‘अब्राह्मण’ म्हटले असते तर हीनत्वाची छटा आली असती. ‘इतर’ने केवळ अन्यत्व सांगितले. ‘नॉनफिक्शन’साठी ‘कथेतर’ योग्य ठरतो तो याच न्यायाने. हिंदीतील १९६० नंतरच्या ‘अकविता’मधील ‘अ-’ मात्र विरोधाचा आहे. तेथे ‘काव्येतर’ म्हणणे चूक होईल.