गावच्या मानकऱ्यांची भिंत: खर्च किती, परवानगी कोणाची?

हॉलिवूडच्या पदपथावर एक तारा बसवायला २०२३ मध्ये ७५ हजार डॉलर भरावे लागत; १९८० मध्ये हेच शुल्क अडीच हजार होते. तारा घडवणे, बसवणे आणि पुढची देखभाल या रकमेत धरलेली असते. गावातल्या किंवा प्रभागातल्या शिक्षक, कलावंत, खेळाडूंची नावे लावायला एवढा पैसा लागत नाही. देखभाल मात्र इथेही लागते, आणि आपल्या मंडळांच्या अंदाजपत्रकात नेमका तोच रकाना कोरा असतो.

जागा आणि परवानगी

नावे पायाखाली नकोत. मुहम्मद अलींनी आपल्या नावावर लोकांनी चालावे हे नाकारले, म्हणून २००२ मध्ये त्यांचा तारा हॉलिवूडला थिएटरच्या भिंतीवर लागला. आपल्याकडेही शाळा, वाचनालय किंवा बागेची कुंपणभिंत बरी. फुटपाथवर चौथरा किंवा अर्धपुतळा उभारायचा विचार सोडा. रस्ते आणि पदपथांवर पुतळे वा बांधकामांना परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. गावात ग्रामसभेचा ठराव आणि ग्रामपंचायतीचे पत्र, शहरात प्रभाग कार्यालयाची लेखी परवानगी आणि भिंत खासगी असेल तर मालकाचे संमतिपत्र घ्या. तोंडी होकारावर ड्रिल चालवू नका.

फलक कशाचा?

• काळा ग्रॅनाइट: ऊनपावसात टिकतो. लेझरची अक्षरे वरवर असतात, सँडब्लास्टची खोल. दोन्हींचे भाव वेगवेगळे मागा.
• पितळ: दिसते छान, पण घासावे लागते आणि चोरीला जाते.
• अ‍ॅक्रिलिक: स्वस्त, पण उन्हात फार वर्षे काढत नाही.

कोरणावळ कुठे अक्षरावर, तर कुठे चौरस फुटावर घेतात. म्हणून मजकूर नाव, जन्म-मृत्यूची वर्षे आणि कामाची एक ओळ इतकाच ठेवा. कोरण्याआधी कागदावरचा नमुना कुटुंबीयांना दाखवून सही घ्या. दगडावरची चुकलेली वेलांटी म्हणजे नव्या फलकाचा खर्च.

हिशोब असा मांडा

दर गावागणिक बदलतात, म्हणून किमान तीन कोटेशने जीएसटीसह मागवा. नमुन्यादाखल १२ नावे धरू. समजा, कोरणावळीसह एका फलकाचा भाव ३,५०० रुपये आला:

• फलक: ४२,०००
• वाहतूक, बसवणे, भिंतीची डागडुजी: १०,०००
• अनावरण: ६,०००
• देखभालीची मुदत ठेव: २०,०००
• एकूण: ७८,०००

ठेवीवर ६ टक्के व्याज धरले, तर वर्षाला १,२०० रुपये सुटतात. ते साठवले की तीन वर्षांनी अक्षरांत पुन्हा रंग भरायला फलकामागे ३०० रुपये हाती येतात. मंडप, शाली आणि जेवणावळीचा आकडा फलकांच्या आकड्याला गाठू लागला, की हात आखडा.

पैसा आणि निवड

नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी काढण्याआधी धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१ क ची परवानगी घ्यावी. नोंदणीकृत न्यासाकडे ८०जी असेल, तर देणगीदाराला करसवलत मिळू शकते. देणगीदारांची नावे वेगळ्या छोट्या पाटीवर लावा. मानकऱ्याच्या फलकावर नकोत.

निवडीचे नियम वर्गणीआधी लिहून काढा. लंडनच्या निळ्या फलकांसाठी व्यक्तीच्या निधनाला किमान २० वर्षे झालेली असावी लागतात. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये तिथे ज्या घरात राहिले, त्यावर फलक लागला तो १९६१ मध्ये. आपण एवढे थांबलो नाही तरी पदावरचे पुढारी आणि समितीतल्यांचे नातेवाईक यादीबाहेर ठेवावेत. हयात मानकऱ्याची लेखी संमती घ्यावी.

सगळी नावे एकदम लावायची गरज नाही. वर्षाला दोनच घेतली तर वर्गणीचा ताण कमी राहतो. मात्र देखभालीची ठेव पहिल्याच वर्षी करा आणि पावती बँकेतून हातात आल्यावरच कारागिराला आगाऊ रक्कम द्या.